पाणाड्या आमदार इरॅस्टस डंकली

इरॅस्टस डंकलीला आयुष्यात एकदाच पाणी लागलं, आणि तेही भलत्या ठिकाणी.

तेव्हा तो ऐन बाविशीत होता. सफरचंदाच्या झाडाची बेचक्यासारखी काटकी दोन्ही मुठींत धरून, जमिनीखालचं पाणी हुडकत तो आमच्या टिंकर हॉलो गावाच्या मोठ्या रस्त्याने चालला होता. होझिया क्रॉकरच्या किराणा दुकानामागे आला आणि काटकी अशी खाली वाकली की जणू जमिनीतून कोणी हात घालून ओढली. इरॅस्टसने तिथंच कोट काढून कुंपणावर टाकला, फावडं मागवलं आणि संध्याकाळपर्यंत छातीइतकं खणलं. पाणी लागलं. लागलं म्हणजे काय, उसळलंच. रातोरात ते होझियाच्या तळघरात शिरलं. सकाळी होझियाने दार उघडलं तेव्हा काकवीची पिंपं एकमेकांना ढुशा देत तरंगत होती आणि खारवलेले कॉड मासे पुन्हा पोहायला लागल्यासारखे दिसत होते.

"होझिया, अभिनंदन!" इरॅस्टस जिन्यावरून ओरडला. "गोडं पाणी आहे!"

"गोडं असणारच," होझिया म्हणाला. "त्यात माझी काकवी आहे."

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर थांबला असता. पण इरॅस्टसची मात्र त्या दिवसापासून पक्की खात्री झाली की आपल्या हातात देणगी आहे. पुढची वीस-बावीस वर्षं ती काटकी वाकत राहिली आणि तो खणत राहिला. टिंकर हॉलोच्या पोटात सगळा ग्रॅनाइट भरलेला. जरा खोल गेलं की फावडं ठण्णकन वाजायचं. मग इरॅस्टस कपाळाचा घाम पुसायचा, खड्ड्याकडे मायेनं बघायचा आणि म्हणायचा, "आज ना उद्या पाझरेल." पाझरेल म्हणून तो खड्डा बुजवायचाही नाही.

आता कोणी विचारेल, गावाने हे चालू कसं दिलं? त्याला कारणं होती. एक तर तो कुणाकडून काही घेत नसे. दुसरं म्हणजे माणूस लाखातला. कुणाचं धान्याचं कोठार पेटलं, कुणी आजारी पडलं, कुणाची गाय अडली, की इरॅस्टस सगळ्यांच्या आधी हजर. आणि तिसरं कारण म्हणजे आमच्याकडच्या माणसांना तोंडावर बोलायची सवय नाही. शेजाऱ्याच्या छपराला आग लागलेली दिसली तरी आमचा माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग गुरांची चौकशी करतो आणि निघताना म्हणतो, "हां, तुझं छप्पर जरा तापलंय बघ." इरॅस्टस येऊन विचारायचा, "इथं जरा बघू का?" माणूस म्हणायचा, "बघ की." बाजारातून परत यावं तर अंगणात खड्डा आणि त्यात इरॅस्टसची टोपी तेवढी दिसतेय.

या खड्ड्यांत कोंबड्या पडल्या, वासरं पडली, पत्र टाकायला आलेला टपालवाला पडला. पण पाद्री जेबेझ व्हिचर पडले तेव्हा मात्र गाव हादरलं. शनिवारी रात्री ओव्हनमधली राजम्याची हंडी खाऊन पाद्रीबाबा चर्चच्या मागे शतपावलीला गेले आणि दिसेनासे झाले. रविवारी लोक चर्चमध्ये जमले, वाट बघून बघून कंटाळले, आणि मग त्यांना जमिनीतून भजनाचे सूर ऐकू आले. एक-दोन म्हाताऱ्यांनी तर ते भलतंच मनावर घेतलं आणि गुडघे टेकले. शेवटी दोर लावून पाद्रीबाबांना वर काढलं. पाय मुरगळला होता, मनगट सुजलं होतं, पण मुख्य म्हणजे रात्रभर खड्ड्यात बसून त्यांचा स्वभाव बदलला होता.

"इरॅस्टसला मी क्षमा केली आहे," ते म्हणाले. "पण त्याने दुसऱ्या गावी राहावं असं मला फार वाटतं."

हे १९०३ सालचं. त्याच सुमारास टिंकर हॉलोचे जुने आमदार दम्यामुळे घरी बसले होते आणि राजधानीत पाठवायला नवा माणूस हवा होता. आमचं विधानसभेचं अधिवेशन नव्या वर्षात सुरू व्हायचं आणि लांबत लांबत गवताच्या कापणीपर्यंत जायचं. म्हणजे बर्फ वितळून जमीन मऊ होते, नेमक्या त्याच दिवसांत आमदार गावाबाहेर. ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आधी आली ते पुढे कळेलच. पण गावसभेत उभा राहिला तो होझिया क्रॉकर.

नगरभवनातली शेगडी धडधडत होती. इरॅस्टस नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसून डोनट खात होता.

"गावाला असा माणूस पाहिजे," होझिया म्हणाला, "जो राजधानीत जाईल." थोडं थांबून त्याने पुढे जोडलं, "आणि तिथंच राहील. अधिवेशनभर. मी इरॅस्टस डंकलीचं नाव सुचवतो."

इरॅस्टसच्या हातातला डोनट खाली पडला. काकवीच्या त्या प्रकारापासून होझिया त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नव्हता.

"अनुमोदन!" पाद्रीबाबा कुबडी उंचावून ओरडले. हात उंचावता येत नव्हता, तो झोळीत होता.

"मी?" इरॅस्टस उभा राहत म्हणाला. "अरे, पण मला कायद्यातलं काय कळतं?"

"कळायची गरज नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "तू खोलात जाणारा माणूस आहेस."

यावर सगळ्या सभागृहाने इतक्या जोरात मान हलवली की इरॅस्टसचे डोळे भरून आले. एकही विरोधी मत न पडता तो आमदार झाला. घरी येऊन त्याने बायकोला, पर्मेलियाला, बातमी सांगितली तेव्हा ती पीठ मळत होती. तिने मागे न बघताच म्हटलं, "तुझी जाड बंडी बांधून ठेवलीय. राजधानीत वारं फार."

"तुला आधीच कळलं?"

"वाटलं होतं असं काहीतरी होईल," पर्मेलिया म्हणाली आणि पिठाला एक जोरदार गुद्दा दिला.

राजधानीत इरॅस्टसला शेवटच्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली. एका विधवा बाईंच्या खानावळीत तो राहायचा, सकाळी न्याहारीला पाय खायचा, म्हणजे आमच्याकडची सफरचंद भरलेली जाड पोळी, आणि सगळ्यांच्या आधी सभागृहात जाऊन बसायचा. नवीन आमदारांनी पहिलं वर्षभर गप्प बसायचं असा तिथला रिवाज. इरॅस्टसला तो कुणी सांगितला नाही. बँकांविषयीचं एक विधेयक चाललं होतं, जाणकार मंडळी व्याजावर तावातावाने बोलत होती, तेवढ्यात खांबाआडून हात वर झाला.

"टिंकर हॉलोचे सन्माननीय सदस्य," अध्यक्ष नाइलाजाने म्हणाले.

"अध्यक्ष महोदय," इरॅस्टस म्हणाला, "एवढ्या मोठमोठ्या बँका आपण उभ्या करतो. पण त्यांच्या खाली काय आहे हे कुणी बघितलंय का?"

व्याजावर बोलणारे मागे वळून खांबाकडे बघू लागले.

"वरून सगळं छान दिसतं. दगडी खांब, पितळेच्या मुठी. पण माझ्या अनुभवाने सांगतो, खाली बऱ्याचदा काहीच नसतं. कोरडं! ठणठणीत कोरडं! आणि जिथं पाणी असतं तिथं ते एका रात्रीत तळघरात शिरतं आणि सगळं तरंगायला लागतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय." एवढं बोलून तो खाली बसला, कारण त्याला एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा आला, 'बँकांच्या पोकळ पायावर टिंकर हॉलोच्या सदस्याचा घणाघात'. खानावळीच्या दारात दोन बँकवाले टोप्या हातात घेऊन उभे. एकाने विचारलं, "मिस्टर डंकली, तुम्हाला आमच्याबद्दल नेमकं काय ठाऊक आहे?" इरॅस्टसने खिशातून काटकी काढली आणि प्रेमाने म्हणाला, "अजून काही नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर येऊन बघतो." दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले.

तेव्हापासून इरॅस्टस डंकली हा सभागृहातला मोठा गूढ आणि घातक माणूस समजला जाऊ लागला. रेल्वेवाले त्याला वचकून असत. तो रस्त्यांवर बोलला तरी पाण्यावर बोलायचा, शाळांवर बोलला तरी पाण्यावर बोलायचा आणि ऐकणारे आपापल्या परीने अर्थ लावायचे. विधानभवनाच्या पहारेकऱ्याला मात्र त्याचं खरं रूप कळलं होतं. एका सकाळी राज्यपालांच्या खोलीसमोरच्या गालिच्यावर काटकी वाकली आणि इरॅस्टस त्याच्याकडे येऊन हळूच म्हणाला, "बाबा, इथं फावडं कुठं मिळेल?" पहारेकऱ्याने त्याच दिवशी माळ्याच्या खोपटाला कुलूप लावलं आणि चावी गळ्यात अडकवली.

इकडे टिंकर हॉलोत सुखाचे दिवस आले. लोक मान वर करून चालू लागले. पर्मेलियाच्या अंगणात पहिल्यांदाच गुलाबाच्या झाडांना मुळं धरायला सवड मिळाली. इरॅस्टस गावी आला की त्याच्या स्वागताला बँड जायचा, मग कापणी, मग मका, मग सफरचंदं, आणि जरा रिकामा दिसला की कुणीतरी त्याला गाठून म्हणायचं, "आमदारसाहेब, राज्याचं कसं चाललंय?" एवढं विचारलं की तो दिवस मावळेपर्यंत हलत नसे. नोव्हेंबर आला की पुन्हा मतं, आणि पुन्हा सगळी त्यालाच.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी होझियाने त्याला गाठून सांगितलं, "इरॅस्टस, गावाचं एक काम कर. ठिकठिकाणी लोक खड्डे खणून उघडे टाकतात. त्यावर झाकण घालायची सक्ती करणारा कायदा आण."

"खड्डे? उघडे?" इरॅस्टस चकित झाला. "कोण असतात रे अशी बेजबाबदार माणसं?"

"असतात," होझिया आकाशाकडे बघत म्हणाला.

इरॅस्टसने ते विधेयक जीव ओतून मांडलं. उघड्या खड्ड्यात पडलेल्या एका सत्पुरुष पाद्र्याची कहाणी त्याने अशी सांगितली की गॅलरीतल्या बायका रडल्या. "अध्यक्ष महोदय, तो खड्डा ज्याने उघडा ठेवला त्याला काळीज आहे की नाही?" असं विचारून त्याने बाकावर मूठ आपटली. तो खड्डा आपलाच हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याच्या लेखी पाद्रीबाबा पडले होते ते विहिरीत, आणि विहिरीचा आणि खड्ड्याचा काय संबंध? कायदा मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

तो गावी परतला त्याच आठवड्यात गावचा पोलीस, एबेन, त्याच्या दारात आला. आधी हवेचं बोलला. मग गाईंचं बोलला.

"इरॅस्टस, एक काम होतं."

"बोल की."

"कायद्याचं काम आहे."

"कुठल्या कायद्याचं?"

"तुझ्याच," एबेन बुटांकडे बघत म्हणाला. "तुझ्या सगळ्या... विहिरींना झाकणं घालायचीत. नाहीतर मला तुला पकडावं लागेल."

इरॅस्टसने क्षणभर विचार केला आणि त्याची छाती फुगली. "पर्मेलिया!" तो आत ओरडला. "ऐकलंस का? कायदा लागू झाला! आणि सगळ्यांत आधी माझ्यावर!" एवढा मान राज्यात दुसऱ्या कुठल्या आमदाराला मिळाला होता? तो उभा उन्हाळा त्याने फळ्या तासण्यात आणि झाकणं ठोकण्यात घालवला. नवा खड्डा एकही खणला नाही. संध्याकाळी होझियाच्या ओसरीवर गावकरी एकमेकांना सफरचंदाचं सायडर पाजत होते.

असंच चालत राहिलं असतं, पण १९१० साली लायसँडर बॉइस नावाचा वकील शहरातून आला. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली म्हणून त्याने टेकडीखालचं जुनं घर घेतलं, पुढे हिरवळ केली, टेनिसची जाळी लावली, आणि त्या घराच्या आसपास इरॅस्टसने कधी खणलं नसल्यामुळे तिथं एकही झाकण नव्हतं. त्याने एकदा इरॅस्टसचं भाषण ऐकलं आणि त्याला गावाची दया आली. तो निवडणुकीला उभा राहिला.

भाषणं तो सुरेख करायचा. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जेवायलाही बोलवायचे.

"मग मत मला देणार ना?" बॉइसने जेवताना पाद्रीबाबांना विचारलं.

"छे, छे," पाद्रीबाबा बटाटे वाढत म्हणाले. "मत इरॅस्टसला."

"पण तो माणूस काहीही बोलतो!"

"बोलतो ना. तिकडे."

निकाल लागला तेव्हा बॉइसच्या पारड्यात एकच मत होतं, आणि ते कुणाचं हे त्याला नक्की ठाऊक होतं. तो तावातावाने होझियाच्या दुकानात शिरला. तिथं शेगडीभोवती सगळे बसले होते आणि इरॅस्टस सगळ्यांना मफिन वाटत होता.

"मला एकाने तरी खरं कारण सांगा!" बॉइस गरजला.

सगळे मफिनकडे बघू लागले. होझियाची म्हातारी आई तेवढी कोपऱ्यात लोकर विणत होती. तिला कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे ती सगळं मोठ्याने बोलायची.

"अहो, तो इथं राहिला तर खणतो ना!" ती म्हणाली. "म्हणून पाठवतात. एवढं शिकलात आणि एवढं कळलं नाही?"

शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला. इरॅस्टस मफिनचं ताट हातात धरून उभा होता.

"होझिया," तो म्हणाला. "खरं का हे?"

"हवा बरी आहे आज," होझिया म्हणाला.

इरॅस्टसने ताट हळूच पिंपावर ठेवलं, टोपी घातली आणि घरी गेला. पर्मेलिया सफरचंदं सोलत होती. तो तिच्यासमोर बसला. नेहमी दारातूनच बोलायला लागणारा माणूस गप्प बसलेला बघून तिने सुरी खाली ठेवली.

"गावाला मी नको आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं... तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

पर्मेलियाने एप्रन नीट केला. "मीच होझियाला सुचवलं होतं."

इरॅस्टसने तिच्याकडे असं बघितलं की जणू तीही त्याच्यासमोर एका खड्ड्यातून वर आली होती.

"माझ्या गुलाबांत खणलंस, मी बोलले नाही," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायच्या दोरीखाली खणलंस आणि मी ओल्या चादरीसकट आत गेले, तरी बोलले नाही. पण त्या वर्षी तू झोपायच्या खोलीतली फरशी ठोकून बघायला लागलास. तेव्हा मी टोपी घातली आणि दुकानात गेले."

"बरं," इरॅस्टस म्हणाला.

"पुढचंही ऐक. पहिल्या वर्षी मी तुला गुलाबांसाठी पाठवलं. पण तू परत आलास तेव्हा तुझा चेहरा असा फुलला होता की तसा मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. रात्रभर बोललास. राज्यपाल काय म्हणाले, बँकवाले कसे घाबरले. पुढच्या वर्षीपासून मी तुला त्या चेहऱ्यासाठी पाठवत होते."

इरॅस्टसने एक सालीचा तुकडा उचलून खाल्ला. पण माणूस दुखावला होता. सकाळी उठून त्याने एबेनच्या हाती निरोप दिला: इरॅस्टस डंकली आमदारकीचा राजीनामा देतो आहे, आणि यापुढे तो आपला सगळा वेळ विहिरींना देणार आहे.

त्या हिवाळ्यात जमीन गोठलेली होती म्हणून निभावलं. इरॅस्टस रोज ओसरीत बसून फावड्याला धार लावायचा आणि येणारेजाणारे त्याच्याकडे न बघता झपाझप पुढे जायचे. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बर्फ या वर्षी जरा जास्त दिवस राहू दे अशी प्रार्थना केली, तेव्हा आमेन इतकं जोरात म्हटलं गेलं की खिडकीची काच थरथरली. पण बर्फ वितळायचं तेव्हा वितळलंच.

जमीन मऊ झाल्याच्या पहिल्याच दिवशी इरॅस्टस काटकी घेऊन बाहेर पडला. पडद्यांआडून सगळं गाव बघत होतं. तो मोठ्या रस्त्याने गेला, दुकानावरून गेला, टेकडीखाली उतरला आणि बॉइसच्या टेनिसच्या हिरवळीवर काटकी वाकली. बॉइस नाश्ता करून बाहेर आला तेव्हा जाळीच्या एका बाजूला मातीचा ढीग होता आणि दुसऱ्या बाजूला इरॅस्टस कमरेपर्यंत खाली गेलेला होता.

"मिस्टर डंकली! हे बेकायदेशीर आहे!"

"नाही," इरॅस्टस आतून म्हणाला. "कायद्यात झाकण घाला एवढंच आहे. खणू नका असं कुठंही नाही. झाकण आणलंय मी, ते बघा तुमच्या गुलाबाला टेकवून ठेवलंय."

बॉइसने आत जाऊन कायद्याचं पुस्तक काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि घोडागाडी जोडून थेट होझियाच्या दुकानाकडे निघाला. "पोटनिवडणूक कधी आहे?" तो दारातूनच ओरडला.

त्या संध्याकाळी डंकलींच्या ओसरीवर शिष्टमंडळ आलं. पुढे पाद्रीबाबा, मागे होझिया, त्याच्या मागे एबेन, आणि सगळ्यांत मागे चिखलाने भरलेल्या पांढऱ्या विजारीतला बॉइस. हवेचं बोलणं झालं. गाईंचं झालं.

"इरॅस्टस," पाद्रीबाबा शेवटी म्हणाले, "परत उभा राहा."

"का?" इरॅस्टस म्हणाला.

"राज्याला तुझी गरज—"

"पाद्रीबाबा."

पाद्रीबाबांनी सुस्कारा सोडला. "आम्हाला भीती वाटते म्हणून."

"हां," इरॅस्टस म्हणाला. "हे सभेत उभं राहून बोला. सगळ्यांनी. एकेकाने. मग बघू."

टिंकर हॉलोत मग जी सभा झाली तशी पुढे कधी झाली नाही. आयुष्यात कुणाच्या तोंडावर खरं न बोललेली माणसं बाकांवर हातातल्या टोप्या फिरवत बसली होती. इरॅस्टस पुढच्या खुर्चीत, हाताची घडी घालून. आधी होझिया उठला.

"माझी काकवी," तो म्हणाला. "एवढी वर्षं झाली, पण ती काकवी मला आठवते." आणि एकदम सगळं बाहेर आलं. काकवी, मासे, पिठाची पोती, तळघरात महिनाभर बेडूक. तो बसला तेव्हा घामाघूम झाला होता, पण चेहरा असा हलका झालेला की त्याची आईसुद्धा विणायची थांबली.

मग लोकांना चेवच आला. एकीची बदकं खड्ड्यात राहायला गेली ती परत आलीच नव्हती. एकाची डुकरीण पडली होती आणि तिने आतच पिल्लं घातली. एकाने सांगितलं की बायकोला मागणी घालायला गुडघ्यावर बसायला गेलो तो खालीच गेलो, आणि तिने 'हो' म्हटलं ते वरून वाकून. ती बायको शेजारीच बसलेली होती, ती म्हणाली, "मी 'हो' नव्हतं म्हटलं. मी 'हो का?' म्हटलं होतं." इथं पहिल्यांदा कुणीतरी फिस्कन हसलं. मग पाद्रीबाबांनी त्या रात्रीची हकिगत सांगितली. खड्ड्यात त्यांच्याबरोबर एक स्कंक, म्हणजे शेपटी वर करून घाण वास सोडणारा तो काळापांढरा प्राणी, होता हे त्यांनी इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं. सभागृह लोळायचं बाकी राहिलं. इरॅस्टस हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याला हे सगळं नव्यानेच कळत होतं, आणि आपल्याबद्दल गावाकडे एवढ्या गोष्टी आहेत याचं त्याला मनापासून नवल वाटत होतं.

शेवटी तो उठला. डोळे पुसले.

"माझं भाषण छोटं आहे," तो म्हणाला. "मला निवडून द्या, नाहीतर खणतो."

नाव सुचवलं लायसँडर बॉइसने. अनुमोदनाला सगळं सभागृह उभं राहिलं.

त्यानंतर हेच त्याचं प्रचाराचं वाक्य झालं आणि दर नोव्हेंबरात ते तो मोठ्या दिमाखात वापरायचा. राजधानीत ते वाक्य पोचलं तेव्हा तिथं पुन्हा गहजब झाला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की टिंकर हॉलोच्या सदस्याने सरकारची लफडी उकरून काढण्याची धमकी दिली आहे. कुठल्याशा खात्याच्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी काही न विचारता राजीनामे दिले. इरॅस्टसने ते कधी समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. बॉइस मात्र त्याचा चांगला मित्र झाला. संध्याकाळी दोघं त्या टेनिसच्या अर्ध्या मैदानावर बसायचे, आणि झाकणाचा टेबलासारखा उपयोग करून सोंगट्या खेळायचे.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास इरॅस्टसचे गुडघे गेले आणि त्याने स्वतःच आमदारकी सोडली. खणण्याचा आता प्रश्नच नव्हता, तरीही शेवटच्या सभेत त्याच्या नावाला बरीच मतं पडली. लोक म्हणाले, सवय लागली.

तो गेला तो मे महिन्यात, सफरचंदाची झाडं फुललेली असताना. ओसरीतल्या खुर्चीत बसून तो पर्मेलियाला मटार सोलायला मदत करत होता. मध्येच त्याने हात थांबवले, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. आता, भाषणाच्या आधी इरॅस्टस नेहमीच असे डोळे मिटून बसायचा आणि अशा वेळी मध्ये बोललेलं त्याला खपायचं नाही. म्हणून पर्मेलियाने काही बोलायचं टाळलं. तिने आपले मटार सोलले, मग त्याच्या मांडीवरचं भांडं अलगद उचलून त्यातलेही सोलले, शेंगांची टरफलं कोंबड्यांना टाकली, आणि पुन्हा येऊन त्याच्या शेजारी बसली.

"बोल की," ती शेवटी म्हणाली. "ऐकतेय मी."